फ्री थ्रोची वही: लहान खेळाडूंनी स्वतःची नोंद कशाची आणि कशी ठेवावी

नागपुरातील एका शाळेत चौदा वर्षांखालील मुलींचा बास्केटबॉल संघ घडवणाऱ्या क्रीडाशिक्षिकेने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे: मुली नियमित येतात, मेहनत करतात, तरी फ्री थ्रोमध्ये, म्हणजे प्रतिस्पर्ध्याच्या चुकीनंतर रेषेवरून कोणी न अडवता मिळणाऱ्या फेकीत, सहा महिन्यांपूर्वी जिथे होत्या तिथेच आहेत. प्रत्येकीला ‘रोज दहापैकी सात’ असे ध्येय देऊन तो आकडा वहीत लिहायला सांगितले, तर दोन आठवड्यांत निम्म्या मुलींनी वह्या आणणेच सोडले. तेव्हा खेळाडूने स्वतःची नोंद ठेवण्याच्या पद्धतीत काही अर्थ आहे का, असल्यास ध्येय कोणते द्यावे, आणि पालकांना असलेल्या पदकाच्या घाईचे काय करावे?

मॅडम, पद्धतीत अर्थ निश्चित आहे. अडचण आहे ती वहीत काय लिहिले जाते यात. ‘दहापैकी सात’ हा निकाल आहे, आणि जिचा हात अजून बसलेला नाही अशा मुलीला तो निकाल पुढच्या चेंडूविषयी काहीच सांगत नाही. आज चार पडले एवढे तिला कळते. पाचवा पडण्यासाठी काय वेगळे करायचे ते कळत नाही. आठवडाभर रोज ‘४’ लिहावा लागला तर वही उघडणे नकोसे होणारच, त्यात आळस शोधण्याचे कारण नाही. माझा सल्ला असा की, सुरुवातीला मुलीने आपल्या कृतीची नोंद करावी, निकालाची नोंद पुढच्या टप्प्यावर यावी, आणि पहिल्या टप्प्यातून दुसऱ्यात केव्हा जायचे याची खूण आपण आणि त्या मुलीने मिळून आधीच ठरवून ठेवावी.

याला आधार आहे तो बॅरी झिमरमन आणि अनास्तासिया किटसान्टास या अमेरिकेतील शिक्षण-मानसशास्त्रज्ञांच्या १९९६ आणि १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांचा. त्यांनी माध्यमिक शाळेतल्या, डार्ट फेकण्याची सवय नसलेल्या मुलींना डार्ट फेकायला शिकवले. काहींना फेकीच्या पायऱ्या नीट पार पाडण्यावर लक्ष ठेवायला सांगितले, काहींना जास्तीत जास्त गुण मिळवायला सांगितले, आणि प्रत्येक प्रकारात काही मुलींकडून लेखी नोंद करून घेतली. पायऱ्यांवर लक्ष ठेवणाऱ्या मुली गुणांच्या मागे लागलेल्या मुलींपेक्षा पुढे गेल्या, म्हणजे गुणांतही पुढे गेल्या. नोंद ठेवणाऱ्या मुली न ठेवणाऱ्यांपेक्षा सरस ठरल्या. मात्र १९९७ च्या प्रयोगात सर्वांत वरचढ ठरल्या त्या मुली आधी पायऱ्यांवर काम करून, फेक अंगवळणी पडल्यावर गुणांच्या ध्येयाकडे वळलेल्या होत्या. आपल्याकडे हा शेवटचा निष्कर्ष बहुतेक वेळा सांगायचा राहून जातो, आणि मग ‘निकालाचा विचारच करू नका’ असा अर्धवट उपदेश मुलांच्या पदरी पडतो.

ध्येय नेमके आणि थोडे अवघड असले की माणूस ‘जमेल तेवढे कर’ या सूचनेपेक्षा चांगले काम करतो, हे एडविन लॉक आणि गॅरी लॅथम यांच्या संशोधनातून पक्के झालेले आहे, आणि आपण दिलेले ‘सात’ हे ध्येय त्याच विचारातून आलेले दिसते. परंतु हा नियम येत असलेल्या कामाला चांगला लागू पडतो. काम नवीन आणि गुंतागुंतीचे असेल, तर निकालाचे अवघड ध्येय उलट अडथळा करते, कारण शिकण्यासाठी लागणारे लक्ष आकड्याच्या काळजीत खर्च होते. रूथ कॅन्फर आणि फिलिप ॲकरमन यांना १९८९ मध्ये हवाई वाहतूक नियंत्रणाच्या कृत्रिम कामावर हेच आढळले होते. बारा-तेरा वर्षांच्या मुलीसाठी फ्री थ्रो हे तितकेच नवे काम आहे.

आता नेमके काय मोजायचे? यावर मी सर्वांत जास्त वेळ घालवतो, आणि आपणही घालवावा. फ्री थ्रो रेषेपासून रिंगमागचा बोर्ड ४.६ मीटरवर असतो, रिंग ३.०५ मीटर उंचीवर असते आणि तिचा आतला व्यास ४५ सेंटिमीटर असतो. मुलींचा सहा नंबरचा चेंडू साधारण २३ सेंटिमीटर व्यासाचा असतो. म्हणजे वरून पाहिले तर रिंगमध्ये चेंडूच्या जवळजवळ दुप्पट जागा आहे. पण चेंडू ४५ अंशांच्या कोनात उतरला तर त्याच्यासाठी ही उघडी जागा सुमारे ३२ सेंटिमीटर उरते, आणि ३० अंशांच्या चपट्या कोनात आला तर जेमतेम २२-२३ सेंटिमीटर, म्हणजे कड्याला न घासता आत जाणे जवळपास अशक्य. या वयाच्या मुली पायांचा जोर न वापरता छातीतून चेंडू ढकलतात, त्यामुळे तो चपटा जातो. असा चेंडू कधी बोर्डावर आपटून आत पडतो आणि वहीत एक गुण वाढतो. निकाल मोजणाऱ्या वहीचा हा मोठा दोष आहे: चुकीच्या फेकीलाही ती शाबासकी देते.

म्हणून पहिल्या टप्प्यासाठी एकच गोष्ट निवडावी. माझी पसंती फॉलो-थ्रूला आहे: चेंडू सुटल्यावर कोपर सरळ, मनगट खाली झुकलेले, आणि चेंडू रिंगपर्यंत पोहोचेपर्यंत हात तसाच वर. यात एक बारकावा आहे, ज्यावर अनुभवी प्रशिक्षकांचेही मतभेद होतात. गॅब्रिएल वुल्फ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ मध्ये फ्री थ्रोवरच केलेल्या अभ्यासात, फेकताना मनगटावर लक्ष ठेवणाऱ्यांपेक्षा रिंगवर लक्ष ठेवणाऱ्यांची अचूकता अधिक होती आणि त्यांच्या स्नायूंवरचा ताणही कमी होता. मग मनगटाची नोंद ठेवायला लावून आपण मुलीचे नुकसान तर करत नाही ना? माझ्या मते, नोंद आणि लक्ष या दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या तर नुकसान होत नाही. फेकताना मुलीला एकच सूचना द्यावी: ‘चेंडू रिंगच्या बराच वरून खाली उतरू दे.’ चेंडू सुटून गेल्यावर तिने हात तिथेच थांबवून पाहावे आणि मनाशी ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हणावे. फॉलो-थ्रू निवडण्याचे खरे कारणही हेच आहे की, तो चेंडू हातातून गेल्यावर तपासता येतो. गुडघे किती वाकले किंवा कोपर किती आत होते हे तपासायला सांगितले, तर मुलगी ऐन फेकीच्या क्षणी स्वतःच्याच अंगाकडे बघू लागते.

वहीचे स्वरूप साधे असावे. दोनशे पानी वही पुरे, छापील तक्ते नकोत. दहा चेंडूंचा एक डाव, आणि प्रत्येक डावानंतर एक ओळ: दहापैकी किती वेळा हात थांबला, आणि चुकलेले चेंडू कोणत्या बाजूला गेले, म्हणजे आखूड, लांब, डावीकडे की उजवीकडे. पडलेल्या चेंडूंची संख्या या टप्प्यात लिहायची नाही. मुली ती मनात मोजतातच, मोजू द्याव्यात. फक्त कागदावर येऊ देऊ नये, कारण कागदावर आलेला आकडा शेजारणीच्या आकड्याशी ताडून पाहिला जातो. दिवसाला तीन डाव, म्हणजे पंधरा-वीस मिनिटे, एवढ्यापुरतीच वही. बाकीचा सराव वहीशिवाय मोकळा चालू द्यावा. नोंद डाव संपल्यावर लगेच व्हावी. घरी जाऊन रात्री भरलेल्या वहीत आठवण कमी आणि इच्छा जास्त असते.

बॅच मोठी असेल तर मुलींच्या जोड्या लावाव्यात, पण जोडीदारणीने फक्त चेंडू परत द्यावा. हात थांबला की नाही याचा निवाडा फेकणारीनेच करावा. दुसऱ्याने मोजले तर आकडा कदाचित अधिक बरोबर येईल, पण स्वतःकडे पाहण्याची सवय ज्यातून लागायची तो प्रसंगच हातचा जातो.

मुलींचा निवाडा सुरुवातीला चुकेल, आणि तो बहुधा स्वतःच्या बाजूने चुकेल. हा खोटेपणा नसतो. हात किती लवकर खाली आला हे त्यांना खरोखरच जाणवलेले नसते. यासाठी आठवड्यातून एकदा प्रत्येकीचा एक डाव मोबाइलवर बाजूने चित्रित करावा. आधी तिने आपला आकडा लिहावा, मग दोघींनी मिळून चित्रण पाहावे. तिने आठ लिहिले असतील आणि चित्रणात पाच दिसले, तर काही बोलू नये. तिलाच पुन्हा मोजू द्यावे. या तफावतीचा उल्लेख इतर मुलींसमोर कधीही करू नये. काही आठवड्यांनी दोन्ही आकडे जवळ येऊ लागतात, आणि हा बदल फ्री थ्रोच्या टक्केवारीपेक्षा मला मोलाचा वाटतो, कारण तो पुढे लेअप, पासिंग, ड्रिब्लिंग अशा कोणत्याही कौशल्याला उपयोगी पडतो.

चुकलेल्या चेंडूची बाजू लिहायला लावण्यामागे एक वेगळा हेतू आहे. टिमोथी क्लिअरी आणि झिमरमन यांनी २००१ मध्ये शाळकरी बास्केटबॉलपटूंना फ्री थ्रो चुकल्यावर ‘का चुकला?’ असे विचारले. तरबेज मुलांची उत्तरे तंत्राशी जोडलेली होती, कोपर बाहेर गेले यांसारखी. नवख्यांची उत्तरे ढोबळ होती. पुढे २००६ मध्ये त्यांनी महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना केवळ ध्येय ठरवायला शिकवले, काहींना ध्येयासोबत नोंदही शिकवली, आणि काहींना त्यापुढे जाऊन चुकीचे कारण शोधून पुढची फेक बदलायलाही शिकवले. या साखळीतल्या जितक्या अधिक पायऱ्या शिकवल्या, तितका फायदा अधिक दिसला. म्हणजे नुसती वही पुरेशी नाही. आपल्याकडच्या मुली चुकल्यावर ‘मॅडम, होऊनच नाही राहिलं’ म्हणतात. हे वाक्य ऐकून त्यांना धीर देण्याचा मोह होतो, पण त्याऐवजी ‘चेंडू कुठे गेला?’ एवढेच विचारावे. आखूड पडला असेल तर बहुधा पायांचा जोर कमी पडला. डावी-उजवीकडे गेला असेल तर कोपर किंवा आधाराचा दुसरा हात पाहावा. एका डावातले चारही चुकलेले चेंडू आखूड असतील, तर पुढच्या डावात काय करायचे हे मुलगी स्वतःच सांगते. चारही चार दिशांना गेले असतील, तर तंत्र अजून स्थिर नाही, एवढाच त्याचा अर्थ घ्यावा आणि शांतपणे पहिल्याच कामावर राहावे.

दुसऱ्या टप्प्यावर जाण्याची माझी खूण अशी: सलग तीन सरावांत प्रत्येक डावात दहापैकी किमान आठ वेळा हात थांबला पाहिजे, आणि चित्रणानेही ते मान्य केले पाहिजे. हा आकडा कोणत्या प्रयोगातून आलेला नाही, सोयीचा म्हणून मी तो वापरतो. आपण सात किंवा नऊ ठेवलात तरी हरकत नाही, फक्त तो आधी सांगितलेला असावा. खूण गाठली की वहीत पडलेल्या चेंडूंचा आकडा येऊ द्यावा आणि मगच निकालाचे ध्येय ठरवावे. तेही सर्वांना एकच ‘सात’ असे नव्हे. प्रत्येक मुलीची गेल्या दोन आठवड्यांची सरासरी काढावी आणि तीत दहाला एक वाढवून पुढच्या महिन्याचे ध्येय तिनेच लिहावे. सरासरी चार असलेल्या मुलीने पाच लिहिले, तर ते कमी आहे असे म्हणू नये. वैयक्तिक ध्येय म्हणायचे आणि आकडा आपण ठरवायचा, हे मुलींच्या लगेच लक्षात येते. आकडा घसरू लागला, तर निकालाचा स्तंभ आठवडाभर बंद ठेवून पुन्हा हाताच्या नोंदीकडे वळावे. ही शिक्षा नाही हे स्पष्ट सांगावे.

चौदा वर्षांखालील गटात एक अडचण हमखास येते, आणि ती वहीतल्या आकड्यांचा अर्थच बदलते. मुलींची उंची साधारण बाराव्या वर्षाच्या आसपास सर्वांत वेगाने वाढते, मुलांची सुमारे चौदाव्या वर्षी. या काळात वर्षाला आठ सेंटिमीटर किंवा त्याहून अधिक उंची वाढू शकते आणि हातपायांची लांबी बदलल्यामुळे बसलेली फेक काही काळ बिघडू शकते. म्हणून वहीच्या पहिल्या पानावर दर तीन महिन्यांनी उंची लिहून ठेवावी. आकडे घसरलेल्या मुलीच्या पहिल्या पानावर तीन महिन्यांत अडीच-तीन सेंटिमीटरची वाढ दिसली, तर त्या घसरणीचे कारण मैदानावर शोधू नये. ध्येय खाली आणावे आणि तिला कारण समजावून सांगावे. या वयात मुली खेळ सोडतात त्यामागे अनेक कारणे असतात, पण ‘पूर्वी येत होतं, आता येत नाही’ ही भावना त्यातली एक आहे आणि ती टाळता येण्यासारखी आहे.

दुसरी, खास आपली अडचण उन्हाची. नागपुरात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. उन्हाळी शिबिरात सकाळी सहाला केलेला डाव आणि साडेआठला केलेला डाव यांची तुलना करू नये. मैदान उघडे असेल तर वाऱ्याचाही परिणाम होतो. नोंदीच्या ओळीपुढे वेळ लिहिली की काम भागते.

पालकांविषयी. त्यांच्या घाईला कारणे आहेत: शालेय स्पर्धा जिल्हा, विभाग, राज्य अशा पायऱ्यांनी जातात आणि दहावी-बारावीच्या सवलतीच्या गुणांचा हिशेब घरोघरी मांडला जातो. शिवाय शहरात उदाहरणे डोळ्यांसमोर आहेत. नागपूरच्या ओजस देवतळेने २०२३ मध्ये बर्लिनच्या जागतिक तिरंदाजी स्पर्धेच्या अंतिम लढतीत १५० पैकी १५० गुण मिळवले, तेव्हा प्रत्येक घरात तो आकडा पोहोचला. पंधरा बाणांत पंधरा वेळा दहा. पण पालकांना सांगण्यासारखी गोष्ट अशी की, एकेक बाण तसाच सोडण्याचे काम त्या आकड्याच्या कितीतरी आधी झालेले असते, आणि ते वर्तमानपत्रात छापून येत नाही. २०२५ मध्ये महिलांचा बुद्धिबळ विश्वचषक जिंकणाऱ्या नागपूरच्याच दिव्या देशमुखच्या खेळात तर स्वतःची नोंद नियमातच आहे: क्लासिकल, म्हणजे जास्त वेळेच्या, डावात खेळाडूने प्रत्येक खेळी स्वतःच्या हाताने लिहायची असते, आणि डाव हरला तरी तो कागद पुन्हा मांडून चूक कुठे झाली ते पाहता येते. आपल्या बैठकीत हे उदाहरण द्यावे. नागपूरच्या पालकांना ते लगेच पटेल. त्यांच्याकडून एकच गोष्ट मागावी: मुलगी घरी आल्यावर ‘किती टाकले?’ याऐवजी ‘आज कशावर काम केलं?’ असे विचारावे. आणि वही त्यांना दाखवायची की नाही, हे मुलीवर सोडावे.

हाच नियम आपल्यालाही लागू आहे. संघनिवड वहीतल्या आकड्यांवरून करू नये, आणि तसे करणार नाही हे पहिल्याच दिवशी जाहीर करावे. ज्या क्षणी वही निवडीचे साधन होते, त्या क्षणी तिच्यात खरे आकडे येणे थांबते, आणि त्यासाठी मुलींना दोष देता येणार नाही. निवडीसाठी वेगळी चाचणी घ्यावी, ती आपण मोजावी.

आपल्याकडे दहा वर्षांखालच्या मुलीही येत असतील, तर त्यांना वही देण्याची घाई करू नये. जॉन निकोल्स यांच्या अभ्यासानुसार मेहनत आणि कुवत यांतला फरक मुलांना साधारण अकरा-बारा वर्षांपर्यंत पुरता उमगत नाही, आणि लहान मुले स्वतःला बहुधा आहे त्याहून चांगले समजतात, जे त्या वयात चांगलेच आहे. त्यांच्यासाठी ‘हात वर ठेवून पुतळा’ हा खेळ पुरतो. कबड्डी किंवा खो-खोच्या संघाला ही पद्धत लावायची झाली तर तंत्राऐवजी निर्णयाची नोंद करावी लागते, कारण तिथे समोरचा खेळाडू प्रत्येक वेळी वेगळे काही करतो. तीस सेकंदांची चढाई संपवून परत आलेल्या मुलीला ‘कोणाला लक्ष्य करायचे हे मध्यरेषा ओलांडण्याआधी ठरवले होते का?’ एवढा एक प्रश्न पुरे.

शेवटी वेळापत्रक. कृतीची नोंद नव्या बॅचसोबत, स्पर्धा दूर असताना सुरू करावी. पावसाळ्यात शालेय स्पर्धांची लगबग सुरू होते आणि जानेवारीत खासदार क्रीडा महोत्सव असतो. अशा प्रत्येक स्पर्धेच्या दोन आठवडे आधी फॉलो-थ्रूचा स्तंभ बंद करावा. अंगवळणी पडलेली हालचाल दडपणाखाली पुन्हा पायरीपायरीने तपासू लागले की ती बिघडते, हे सायन बायलॉक आणि थॉमस कार यांनी २००१ मध्ये गोल्फच्या पटिंगवर, म्हणजे चेंडू हलकेच भोकात ढकलण्याच्या फटक्यावर, दाखवले आहे. सामन्यात चेंडू हातात आल्यापासून पाच सेकंदांत फेकावा लागतो. त्या पाच सेकंदांत मुलीला चेंडूचे जमिनीवरचे ठरलेले दोन टप्पे, एक श्वास आणि रिंग, यापलीकडे काहीही सांगू नये. सामन्याची नोंद करायचीच असेल तर ती दुसऱ्या दिवशीच्या सरावाआधी करावी, आणि तीत किती फेकी मिळाल्या, किती पडल्या व चुकलेल्या कुठे गेल्या, एवढेच असावे.